मोटर चालू आहे, पण ऑटो टाकलाय का?

पत्र: ताई, मी यावल तालुक्यातला. वय 24, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. फैजपूरला एका पतसंस्थेत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे, घरी केळी आहे. लिनक्स सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचं म्हणून रेड हॅट या लिनक्स बनवणाऱ्या कंपनीची आरएचसीएसए परीक्षा द्यायचं ठरवलं आणि पुण्याहून एक जुनं स्टडी गाइड आणलं. आठ महिन्यांत दोनदा वाचून काढलं, हायलायटरनं पानं पिवळी झाली. वाचताना सगळं समजतं. पण लॅपटॉपवर कमांड टाइप करायची काळी स्क्रीन उघडून बसलो की हातच चालत नाही. फी माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त आहे, नापास होणं परवडणार नाही. वडील रोज विचारतात, ‘पुस्तक तं वाचून झालं नं, मंग परीक्षा काबरं देत नाही?’ पुस्तक तिसऱ्यांदा वाचू, की नोकरी सोडून पुण्याला क्लास लावू? एका मित्राकडे ‘परीक्षेत आलेले खरे प्रश्न’ अशी पीडीएफ आहे, ती घेऊ का? आणि पुस्तक रेड हॅट लिनक्सच्या जुन्या, 8 या आवृत्तीचं आहे, ते चालेल का?

उत्तर:

तिसऱ्यांदा वाचू नकोस. नोकरी सोडू नकोस. पीडीएफ घेऊ नकोस. तीन नकार एका दमात देऊन टाकले, कारण तुझ्या चौथ्या प्रश्नाला, आणि तू न विचारलेल्या एका पाचव्या प्रश्नाला, जास्त जागा लागणार आहे.

तो पाचवा प्रश्न असा, की ही परीक्षा नेमकं तपासते काय? तू लहानपणापासून दिलेल्या परीक्षांत उत्तर लिहायचं असतं, नाहीतर चारातला एक पर्याय निवडायचा असतो. आरएचसीएसएमध्ये, म्हणजे ईएक्स 200 या परीक्षेत, लिहायचं काहीच नसतं आणि निवडायचंही काही नसतं. तुझ्यासमोर मशीन ठेवतात, कामांची यादी देतात आणि साधारण तीन तास देतात. हा युजर तयार कर, ही डिस्क वाढव, ही सर्व्हिस या पोर्टवर चालव. इंटरनेट नाही, पुस्तक नाही, वही नाही. वेळ संपली की मशीन रीबूट झाल्यावर काय शिल्लक राहिलं ते तपासतात. 300 पैकी 210 गुण मिळाले की पास. तू काम कसं केलंस, किती कमांड पाठ होत्या, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

‘रीबूट झाल्यावर’ हे दोन शब्द हायलायटरनं रंगव. पूर्ण पुस्तकात रंगवायच्या लायकीचे तेवढेच.

आता तुमच्या मळ्यात जाऊ. थ्री-फेज लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्री दोनला लाइट आली तर वडील उठून विहिरीवर जातात का? नाही जात. स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू. समजा कुणी दिवसा हातानं हिरवं बटण दाबून मोटर चालू केली, पण ऑटो टाकायचा राहिला. पाणी सुरू आहे, बागेत थेंब पडतोय, सगळं झकास. लाइट गेली, परत आली, आणि मोटर गप्प. मे महिन्यात आपल्याकडे दोन दिवस असं झालं तर केळीचं काय होतं ते मी तुला सांगायला नको.

लिनक्समध्ये ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट’ म्हणजे हिरवं बटण. ‘सिस्टमसीटीएल इनेबल’ म्हणजे ऑटो. नुसतं स्टार्ट केलंस तर सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, आत्ता चालेल, रीबूटनंतर मरेल. नुसतं इनेबल केलंस तर रीबूटनंतर चालेल, आत्ता नाही. इनेबलला ‘नाऊ’ हा ऑप्शन जोडला की दोन्ही कामं एका कमांडीत होतात. आणि हा फरक फक्त सर्व्हिसपुरता नाही. परीक्षेच्या जवळपास प्रत्येक विषयात एक बटण आहे आणि एक ऑटो आहे. फायरवॉलमध्ये ‘परमनंट’ न लिहिता पोर्ट उघडलंस तर ते बटण. ‘परमनंट’ लिहून उघडलंस पण ‘रीलोड’ केलं नाहीस, तर ऑटो टाकलाय पण मोटर अजून बंद. एसईलिनक्स म्हणजे लिनक्समधला सुरक्षेचा जादा पहारेकरी; त्याची बुलियन, म्हणजे चालू-बंदची कळ, ‘पी’ ऑप्शनशिवाय बदललीस तर बटण. डिस्क ‘माउंट’ कमांडनं जोडली तर बटण, एफएसटॅब फाइलीत, म्हणजे बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, ओळ टाकली तर ऑटो. एसईलिनक्सचं लेबल थोडं फसवं आहे: ‘सीएचकॉन’नं लावलेलं लेबल साध्या रीबूटला टिकतं, म्हणून आपण निर्धास्त राहतो, पण फाइल सिस्टमचं रीलेबल झालं की ते पुसलं जातं. म्हणून ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’नं नियम लिहायचा आणि ‘रीस्टोरकॉन’नं तो लागू करायचा.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ऑफिसच्या सर्व्हरला नवी डिस्क लावली, फॉरमॅट केली, फोल्डरवर माउंट केली, लोकांना जागा मिळाली, सगळे खूश. एफएसटॅबमध्ये ओळ टाकायची राहिली. सर्व्हर सात महिने बंदच झाला नाही, त्यामुळे माझी चूक सात महिने सुखात राहिली. मग एका रात्री लाइट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, सकाळी शिपायानं सर्व्हर चालू केला. फोल्डर रिकामं! लोकांना वाटलं डेटा गेला. दहा मिनिटं मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. डिस्क सापडली, माउंट केली, जुना डेटा परत आला, मी कपाळावरचा घाम पुसला. तर लगेच दुसरी ओरड: सकाळी आठपासून केलेल्या फाइली गेल्या! त्या रिकाम्या फोल्डरमध्ये साठवल्या होत्या आणि वर डिस्क माउंट झाल्यामुळे खाली झाकल्या गेल्या होत्या. अनमाउंट करून त्या काढून घेतल्या, तोवर दुपार झाली. आता कळलं ना, परीक्षेवाले रीबूट करून का तपासतात?

आता पुस्तकाकडे येते. स्टडी गाइड वाईट नसतं. तू ते कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचलंस, तिथे चुकलं. वाचताना ‘समजलं’ असं जे वाटतं, ते लेखकाला समजलेलं असतं. तुझी काळी स्क्रीन खरं बोलते आहे.

सुरुवात पुस्तकाबाहेरून कर. रेड हॅटच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या उद्दिष्टांची, ऑब्जेक्टिव्ह म्हणतात त्यांची, यादी मोफत मिळते. ती प्रिंट काढू नकोस, वहीत हातानं उतरव. एका ओळीला एक उद्दिष्ट, शेजारी पुस्तकातलं पान. दोन संध्याकाळी जातील. पण तेवढ्यातच तुझ्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळेल: यादीत आहे आणि पुस्तकात नाही असं काय, पुस्तकात आहे आणि यादीत नाही असं काय.

रेड हॅटची 8 ही आवृत्ती 2019 च्या मे महिन्यात आली, 9 ही 2022 च्या मे महिन्यात आणि 10 ही 2025 च्या मे महिन्यात. फी भरण्याआधी परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे ते नोंदणीच्या पानावर बघ आणि यादी त्याच आवृत्तीची घे. तुझ्या 8 च्या पुस्तकातला मोठा भाग अजून खरा आहे: युजर, परवानग्या, एलव्हीएम (डिस्कची जागा जोडण्या-वाढवण्याची सोय), सिस्टमडी (सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम), फायरवॉल, एसईलिनक्स. व्हीडीओ नावाचं डिस्क दाबून बसवण्याचं प्रकरण आणि पॅकेजच्या मॉड्यूल-स्ट्रीमचं प्रकरण यांवर पानं असतील, ती यादीशी ताडून गाळ. नेटवर्कच्या प्रकरणात ‘आयएफसीएफजी’ नावाच्या फाइली हातानं बदलायला सांगितलं असेल तर ते सोडून दे. 9 पासून नवी जोडणी त्या जुन्या साच्यात साठवत नाहीत आणि 10 मध्ये तो साचा काढूनच टाकला. ‘एनएमसीएलआय’ कमांड तिन्हीत चालते, तीच हाताला बसव. 10 च्या यादीत फ्लॅटपॅक, म्हणजे ॲप बसवण्याची एक पद्धत, आलं आहे, ते तुझ्या पुस्तकात नसेल. त्यासाठी नवं पुस्तक घेऊ नकोस, मॅन पेज, म्हणजे मशीनवरच असलेलं कमांडीचं माहितीपान, पुरतं. अवघा एक दिवसाचा विषय आहे.

सरावाची मशीन हवी. पुस्तकात सेंटओएस 8, म्हणजे रेड हॅटसारखंच फुकट लिनक्स, डाउनलोड कर असं लिहिलेलं असेल, तर ते 31 डिसेंबर 2021 लाच बंद झालं, त्यावर वेळ घालवू नकोस. रेड हॅट व्यक्तिगत डेव्हलपर सबस्क्रिप्शन फुकट देतं, 16 मशीनपर्यंत. खातं उघडावं लागतं एवढंच. नाहीतर रेड हॅटशी जुळणारं रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्स घे. लॅपटॉपची रॅम किती आहे ते तू लिहिलं नाहीस. 8 जीबी असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, प्रत्येकी 2 जीबीच्या दोन मशीन आरामात चालतात. मात्र लॅपटॉप फार जुना असेल, 2013 च्या आधीच्या प्रोसेसरचा, तर रेड हॅट 10 त्यावर चालणारच नाही. त्याला एव्हीएक्स 2 असलेला प्रोसेसर लागतो. अल्मालिनक्स 10 ची जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी प्रत मिळते, ती वापर. प्रत्येक मशीनला 20 जीबीच्या मुख्य डिस्कशिवाय 2-2 जीबीच्या तीन रिकाम्या डिस्क जोड. एलव्हीएम त्यांच्यावरच मोडायचं आणि जोडायचं आहे. इन्स्टॉल झाल्याबरोबर स्नॅपशॉट घे. मशीनची वाट लागली की स्नॅपशॉटवर परत, दोन मिनिटांचं काम. वाट लागलीच पाहिजे. महिनाभरात एकदाही मशीन बंद पडली नाही तर सराव झालाच नाही असं समज.

पुस्तक उलटं वाच. प्रकरणाच्या शेवटी जो सराव दिलेला असतो, तो आधी उघड आणि प्रकरण न वाचता करून बघ. अडशील. जिथे अडलास तिथल्या पुरती दोन पानं वाच, पुस्तक मिट, पुन्हा कर. मग रीबूट. मग तपास. मग स्नॅपशॉटवर परत जाऊन उद्या तेच काम पुस्तकाला हात न लावता. हे रोज रात्री जेवण झाल्यावर दीड तास केलंस तर तीन महिन्यांत दोन वाचनांहून जास्त पदरात पडेल. रात्री लाइट जाते अशी सबब मला सांगू नकोस. माझं घर भुसावळला, शेजारी दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, आणि तरी आमच्याकडेही जाते. लॅपटॉपला बॅटरी असते.

पुस्तक नसताना आधार कुणाचा, तर मॅन पेजचा. मशीनवर असलेली कागदपत्रं परीक्षेत उघडता येतात. म्हणून सगळी कमांड पाठ करण्यात डोकं शिणवू नकोस. कोणतं उदाहरण कोणत्या मॅन पेजवर आहे, एवढं पाठ कर. ‘सेमॅनेज-एफकॉन्टेक्स्ट’च्या मॅन पेजवर खाली आख्खं उदाहरण आहे, त्यात ती कंसाची आणि ताऱ्याची विचित्र नक्षीसुद्धा आहे, ती पाठ करणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांची दया येते. ‘एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स’ या नावाचं वेगळं पानच आहे. नाव आठवत नसेल तर ‘मॅन’ला ‘के’ ऑप्शन देऊन शब्दावरून शोधता येतं. काहीच सापडलं नाही तर आधी ‘मॅनडीबी’ चालव, मग शोध. वहीत प्रत्येक उद्दिष्टासमोर पुस्तकाचं पान लिहिलं आहेस ना? महिन्याभरानं ते खोड आणि तिथे मॅन पेजचं नाव लिही. सगळी पानं खोडून झाली की पुस्तकाचं काम संपलं.

दोन गोष्टींना मात्र दुसऱ्यांहून चौपट वेळ दे. एक, रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य मालक-खात्याचा, पासवर्ड माहीत नसताना बूट थांबवून मशीनमध्ये शिरणं. आवृत्तीगणिक त्याची पद्धत थोडी बदलते, म्हणून परीक्षेच्याच आवृत्तीवर डोळे झाकून येईपर्यंत कर. पासवर्ड बदलल्यावर ‘ऑटोरीलेबल’ नावाची रिकामी फाइल करायची विसरलास तर एसईलिनक्स तुला दारातच अडवेल, आणि तू समजशील पासवर्डच चुकला. दोन, एफएसटॅब. त्यात एक अक्षर चुकलं तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसते, आणि जी मशीन उठतच नाही तिच्यावरची बाकी सगळी बरोबर कामंही गेली. ओळ लिहिलीस की लगेच रीबूट करू नकोस. आधी ‘फाइंडमाउंट’ला ‘व्हेरिफाय’ ऑप्शन देऊन तपास, मग ‘माउंट ए’ चालव, दोघांनीही चूक दाखवली नाही की मग रीबूट. आणि सरावात मुद्दाम चुकीची ओळ टाकून मशीन अडकव, आणि सोडव. हे घरी चार वेळा केलेल्या माणसाचा परीक्षेत हात थरथरत नाही.

पीडीएफबद्दल थोडक्यात. परीक्षेतली कामं बाहेर सांगायची नाहीत हे प्रत्येक परीक्षार्थी मान्य करूनच बसतो. तो करार मोडला की सर्टिफिकेट काढून घेता येतं. नैतिक भाषण करत नाही, व्यवहाराचं सांगते. मी नोकरीसाठी मुलं निवडायला बसले आहे. सर्टिफिकेट टेबलावर ठेवणाऱ्या मुलाला मी एकच काम देते: ही डिस्क जोड आणि मशीन रीबूट कर. पीडीएफवाला तिथेच कळतो.

क्लासचं म्हणशील, तर वर सांगितलेलं तीन महिने करून बघ आणि तरी गाडी अडली तर शनिवार-रविवारचा एखादा बघ. राजीनामा देऊन पुण्यात खोली भाड्यानं घेण्याचा खर्च या परीक्षेसाठी नको. शिवाय पतसंस्थेतल्या संगणकांच्या रोजच्या कटकटी हाही सरावच आहे, फक्त तिथल्या चालू मशीनवर प्रयोग करू नकोस, म्हणजे झालं.

परीक्षा घरून, स्वतःच्या संगणकावरही देता येते. पण त्यासाठी वेगळा वेबकॅम, त्यांनी सांगितलेल्या पेनड्राइव्हवरून बूट करणं, टिकणारं इंटरनेट आणि तीन तास दुसरं कुणीही न येणारी खोली लागते. केळीची कटाई चालू असताना तुमच्या घरात अशी खोली आहे का? मला शंका आहे. पुण्याला केंद्रावर जा. पण जळगावहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं उतरून थेट परीक्षेला बसू नकोस, आदल्या दिवशी पोच. आधी सगळी कामं वाचून काढ, नेटवर्क पहिलं उरक, कारण ते नसेल तर पुढचं बरंच काही अडतं. आणि शेवटची 40 मिनिटं राखून रीबूट कर. त्यानंतर काही बदललंस तर आणखी एकदा.

वडिलांना काय सांगशील? खरं सांग. या कागदानं उद्या नोकरी लागत नाही. तो तीन वर्षं चालतो, तेवढ्यात पुढची परीक्षा द्यावी लागते किंवा हीच परत. पण पुण्या-नाशिकला अर्ज टाकताना फैजपूरच्या मुलाचा अर्ज बाजूला पडू नये, एवढं काम तो करतो. आणि परीक्षा काबरं देत नाही याचं उत्तर त्यांच्या भाषेत दे: मोटर चालू आहे, ऑटो टाकायचा राहिलाय. त्यांना तुझ्याआधी कळेल.

शेवटचं एक काम. वहीतलं प्रत्येक उद्दिष्ट एका चिठ्ठीवर लिही, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाक. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात दर रविवारी पंधरा चिठ्ठ्या, तीन तास, मोबाइल आईकडे. डबा मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात दे. तुझ्याकडे राहिला तर एलव्हीएमची चिठ्ठी कधीच वर यायची नाही.